वेसण आणि कडी

डुकरांविषयी लेख लिहून तो या मासिकाकडे पाठविण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. आमच्या लहानपणी या प्राण्याचे नुसते नाव निघाले तरी आजी पदर नाकाशी नेत असे, आणि मुलांस रागे भरावयाचे असले तरच त्या नावाचा घरात उच्चार होई. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्नान करून पूजेस बसले म्हणजे संकल्पात आपण देशकालाचा उच्चार करितो आणि त्यात श्वेतवाराह कल्पाचे नाव घेतो. ज्या काळात आपण सर्व जगत आहोत त्या काळाचे नावच मुळी एका वराहावरून पडले आहे. रसातळास गेलेली पृथ्वी दाढेवर तोलून वर आणणारा तो वराह, आणि गावाबाहेर चिखल उकरणारे हे डुक्कर, यांचे परस्परांशी नाते काय, हा विचार आम्ही जवळजवळ चाळीस वर्षे संस्कृत शिकवूनही कधी केला नाही. अमरकोशात वराहाची जी नावे दिली आहेत त्यांत 'पोत्री' आणि 'घोणी' ही दोन त्याच्या नाकावरून पडली आहेत. आणि त्याच मालिकेत 'भूदार', म्हणजे भूमी फाडणारा, हेही एक नाव आहे. ही नावे आम्ही शेकडो मुलांकडून घोकून घेतली. त्यांचा अर्थ मात्र आम्हांस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तोही सातासमुद्रांपलीकडे, उमगला. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

भूदार आम्ही पूर्वी पाहिला नव्हता असे नाही. आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असून घरची थोडी भातजमीन व तिला लागून गवताचे एक कुरण आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत तेथे उतरला म्हणजे सकाळी कुरण नांगर धरल्यासारखे उलथलेले दिसते. लव्हाळ्याच्या गाठी, रानातले कंद, गांडुळे, हुमणीच्या अळ्या, जे मातीखाली असेल त्यासाठी ती नाकाने ढेकळेच्या ढेकळे उपटतात. आमचे वडील माळ्यावर बसून रात्रभर डबा बडवीत. चुलत्यांनी कुरणाभोवती दगडी गडगा रचला होता. हल्ली पुतण्याने सूर्यप्रकाशावर चालणारे झटका यंत्र बसविले आहे. काही अविचारी लोक कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह सरळ सोडतात व त्यापायी डुकराऐवजी माणूस दगावतो. तसे कोणीही कदापि करू नये. रानडुक्कर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा त्याच्याशी भांडण करावयाचे ते कायद्याची मर्यादा राखूनच. असो. सांगावयाचे इतकेच की, डुक्कर म्हणजे गवताचा शत्रू, आणि शत्रूला बाहेर ठेवणे एवढाच त्यावर उपाय, ही आमची समजूत पिढीजात होती. गवतावरच डुकरे सोडावयाची, आणि गवतही राखावयाचे, हा प्रकार आम्ही ऐकलाही नव्हता.

आमचे चिरंजीव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउदॅम्प्टन शहरी नोकरीस असतात. त्यांच्या आग्रहावरून सन २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता तिकडे गेलो. ऑक्टोबरातील एका रविवारी चिरंजिवांनी आम्हांस व अकरा वर्षांच्या नातवास जवळच्या न्यू फॉरेस्टमध्ये नेले. नाव 'नवे अरण्य', परंतु ते राखून सुमारे साडेनऊशे वर्षे झाली. पहिल्या विल्यम राजाने १०७९ च्या सुमारास आपल्या मृगयेसाठी हा प्रदेश राखला. अरण्य म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे जे चित्र होते तसे ते नाही. जुन्या ओक व बीच वृक्षांची दाट बने आहेत, परंतु त्यांच्या मधून मैलोगणती उघडा माळ पसरलेला आहे, आणि ओढ्यांच्या काठी लुसलुशीत आखूड गवताचे हिरवे पट्टे आहेत. जणू कोणी कातरीने कापून ठेवावे तसे ते गवत दिसते. कातरी चालविणारे मात्र माळी नव्हेत; घोडी व गुरे आहेत. त्या भागातील काही घरांस व जमिनींस परंपरेने असा हक्क चिकटलेला आहे की, त्या घराच्या धन्याने आपली जनावरे या सामायिक अरण्यात चरावयास सोडावी. कुंपण नाही, गुराखी नाही. तट्टे भर रस्त्यात उभी राहतात आणि मोटारी मुकाट्याने थांबतात. या हक्कदारांच्या कारभारासाठी व्हर्डरर नावाचे पंच असतात. १८७७ च्या कायद्याने त्यांच्या सभेस आजचे स्वरूप आले, आणि लिंडहर्स्ट या गावी ती सभा अद्याप भरते. त्यांच्या हाताखाली अजिस्टर नावाचे राखणदार असून ते घोड्यावर बसून जनावरांची देखरेख करितात.

शरद ऋतूत ओकाची फळे गळू लागली म्हणजे या सुखी राज्यावर एक संकट येते. ही हिरवी फळे तट्टांना व गुरांना आवडतात, परंतु त्यांतील तुरट द्रव्य त्यांस विषासारखे बाधते. फार खाल्ली तर जनावर मरते. डुकरांना मात्र ती पचतात, इतकेच नव्हे तर त्यांवर ती पुष्ट होतात. म्हणून प्रतिवर्षी शरदात पंच एक मुदत जाहीर करितात. ती निदान साठ दिवसांची असते आणि फळ अधिक गळाले तर वाढविली जाते. तेवढ्या मुदतीत हक्कदारांनी आपली डुकरे अरण्यात सोडावयाची, डुकरांनी फळे वेचून खावयाची आणि तट्टांचा जीव वाचवावयाचा. या जुन्या वहिवाटीस पॅनेज म्हणतात. एकाचे विष ते दुसऱ्याचे अन्न, आणि दुसऱ्याच्या भोजनाने पहिल्याचे रक्षण, ही योजना ऐकून आम्हांस मोठे कौतुक वाटले. परंतु तिला एक अट आहे: सोडलेल्या प्रत्येक डुकराच्या नाकात कडी असलीच पाहिजे.

आम्ही गेलो त्या दिवशी एका ओकाखाली सात-आठ डुकरे मग्न होऊन फळे फोडीत होती. त्यांतील दोन काळी असून खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत पांढरा पट्टा होता. उपरणे घेऊन भोजनास बसल्यासारखी ती दिसत, हे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आम्ही येथे त्यांच्याच जबाबदारीवर नमूद करितो. डुकरांची मालकीण, साठीच्या घरातील एक शेतकरी बाई, बुटांस चिखल माखलेली अशी तेथेच उभी होती. आमचे इंग्रजी शाळेतल्या पुस्तकाइतकेच असल्यामुळे नातू मधे दुभाषी झाला, आणि आमच्यातील मास्तर जागा झाल्याने आम्ही प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

बाईंनी सांगितले त्याचा सारांश असा. डुकराच्या नाकाचा शेंडा म्हणजे एक चपटी चकती असते. तिला आतून एका लहानशा हाडाचा आधार असतो. त्या चकतीत ज्ञानतंतू इतके दाट असतात की, मातीखालचा किडा ते डोळ्यांनी न पाहता ओळखते. हात, डोळा आणि नांगर ही तिन्ही त्या एका अवयवात एकवटलेली आहेत. पोट भरलेले असले तरी ते उकरावयाचे राहत नाही. भूक हे त्याचे एक निमित्त, परंतु मूळ प्रेरणा उपजतच असते. आता शरदात पावसाने जमीन मऊ होते. अशा वेळी त्या हिरव्या पट्ट्यावर बिनकडीची दहा डुकरे आठवडाभर राहिली तर गवताची मुळे उघडी पडतात, खळग्यांत पाणी साचते, तट्टांचे पाय रुततात, आणि शतकानुशतके चरून चरून जे दाट गवत तयार झाले त्याच्या जागी काटेरी तण माजते. ते गवत पुन्हा धरावयास वर्षे लागतात. अरण्यास कुंपण नाही, पाठीमागे हिंडावयास माणूस नाही. म्हणून नाकाच्या शेंड्यास कडी. कडी असूनही डुक्कर गळालेली फळे वेचते, गवत खुडते, पाचोळा चाळविते. केवळ नाक जोराने मातीत खुपसता येत नाही.

"आबा, त्याला दुखत नाही का?" नातवाने आम्हांस मराठीत विचारले.

"सवय होते, बाळ," आम्ही म्हणालो.

पोराने आमचे उत्तर, कोणी सांगितले नसता, बाईंना इंग्रजीत सांगून टाकले. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाही. सवय झाली तर कडीचा उपयोग काय? दाबले की दुखते, आणि दुखते म्हणूनच ते दाबत नाही. मला हे आवडते असे समजू नका. पण कडी नाही तर डुक्कर सोडता येणार नाही, आणि डुक्कर सोडले नाही तर माझी तट्टे मरतील."

त्या बाईंच्या उत्तरातील स्वच्छपणा आमच्या मनास लागून राहिला. आम्ही आयुष्यभर 'सवय होते' हे उत्तर देत आलो होतो. बाक कडक लागतो, सवय होते. रूपे पाठ होत नाहीत, सवय होते. दुःख देणाऱ्याने दुःख नाकारावे, ही सोय आम्ही करून घेतली होती. त्या अशिक्षित म्हणता येणार नाही, परंतु पंडिता तर खासच नसलेल्या बाईने ती घेतली नाही.

घरी परतताना मोटारीत आम्ही 'वेसण घालणे' या आपल्या वाक्प्रचाराचा विचार करू लागलो. बैलाच्या नाकातही आपण भोक पाडतोच. परंतु वेसणीला दोर असतो, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. बैलाला ओढ बसली तर ओढणारा हात त्याला दिसतो. हात सैल झाला की वेसणही सैल होते. कडीला दोर नाही. तेथे कोणी ओढीत नाही, कोणी रागावत नाही, पाळणारा घरी सुखाने झोपलेला असतो. डुक्कर स्वतःच्या स्वभावाप्रमाणे वागू लागले की ते स्वतःच स्वतःला शिक्षा करिते. याहून बिनबोभाट आणि बिनखर्ची शिस्त जगात दुसरी नसेल. आणि ज्या शाळामास्तरास साठ मुलांचा वर्ग सांभाळावयाचा आहे त्यास अशा शिस्तीचा केवढा मोह पडतो, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असणार?

हा विचार मनात घोळत असतानाच दुसरे एक दृश्य पाहावयास मिळाले. चिरंजिवांचे एक सहकारी शेजारच्या डॉर्सेट परगण्यात राहतात. तीन-चार एकर जमीन बाळगून हौसेने चार डुकरे पाळतात. ती टॅमवर्थ जातीची, विटकरी रंगाची, लांब नाकाची. त्यांचा शेवट काय होतो हे आम्ही विचारले नाही. विचारावयाची आवश्यकताही नव्हती. परंतु त्यांपैकी एकाच्याही नाकात कडी नव्हती, आणि गृहस्थांचे गवत मात्र शाबूत होते. आम्ही कारण विचारले. गृहस्थ आम्हांस जमीन दाखवीत हिंडले आणि त्यांनी सारी रीत समजावून दिली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या गावी रानडुकरांचा उपद्रव असेल, तेव्हा ती थोडी विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट कुंपणाची. विजेच्या सौम्य झटक्याच्या दोन तारा पुरतात. एक जमिनीपासून सुमारे वीस सेंटिमीटरवर, दुसरी पंचेचाळीसवर, म्हणजे नाकाच्या उंचीला. उंच कुंपण कामाचे नाही, कारण डुक्कर उडी मारून जावयाच्या आधी खालून शिरावयाचे पाहते. खालच्या तारेला गवत टेकू द्यावयाचे नाही, आणि डुकरांनीच उडविलेली माती तारेवर साचून झटका जमिनीत मुरतो म्हणून ती रोज पाहावयाची. दुसरी गोष्ट शिक्षणाची. नव्या डुकराला झटका बसला तर ते मागे सरण्याऐवजी दचकून पुढेच उसळते व कुंपण तोडते; म्हणून आधी भक्कम भिंतीच्या लहान आवारात तारेची ओळख करून द्यावयाची. तिसरी गोष्ट, आणि हीच खरी, जागा बदलण्याची. गवत खुडून झाले आणि नाक मातीकडे वळू लागले की त्याच दिवशी डुकरांना पुढच्या तुकड्यात हलवावयाचे. दिवस मोजून नव्हे, जमीन पाहून. कोरड्या उन्हाळ्यात दोन आठवडे चालतील, पावसात दोन दिवसही नाहीत. चौथी गोष्ट, आहार पुरेसा ठेवावयाचा. मांसवर्धक द्रव्य खाण्यात कमी पडले तर ते मातीत शोधण्याची ओढ वाढते. पाचवी गोष्ट, हिवाळ्यात चिखल झाला की एक तुकडा डुकरांना देऊन टाकावयाचा. तो उकरला जाणार हे आधीच कबूल करावयाचे, म्हणजे बाकीचे कुरण वाचते.

हा शेवटचा तुकडा त्यांनी मुद्दाम दाखविला. पूर्वी तेथे काटेरी जाळी माजली होती. डुकरांनी ती मुळासकट उपटली, माती भुसभुशीत केली, वर खत घातले. आता गृहस्थ ती दंताळ्याने सारखी करून वसंत ऋतूत तेथे नवे गवत पेरणार होते. "मी यांच्याकडून नांगरट करून घेतो," ते म्हणाले. "खोड तीच आहे. जागा चुकली तर नुकसान, जागा साधली तर मशागत." त्यांनी असेही सांगितले की सर्व जाती सारख्या नसतात. न्यूझीलंडकडील कुनेकुने नावाची आखूड नाकाची जात बहुतेक गवत चरूनच राहते. टॅमवर्थ मात्र जन्मजात नांगरी. ज्याच्याकडे कुरणच राखावयाचे आहे त्याने टॅमवर्थ आणू नये, आणि आणले तर त्यास कुनेकुने होत नाही म्हणून दोष देऊ नये.

त्या क्षणी आम्हांस शाकुंतलाचा दुसरा अंक आठवला. मृगया बंद करण्याची आज्ञा देताना दुष्यंत राजा, वराहांनी आता डबक्यांच्या काठी निर्धास्तपणे मोथा उकरावा, असे म्हणतो. हा भाग आम्ही तीस वेळा तरी वर्गात शिकविला असेल, आणि प्रत्येक वेळी समास सोडवून पुढे गेलो. कवीने वराहाला उकरण्याचे सोडावयास सांगितले नाही, उकरण्यास जागा दिली, हे आमच्या ध्यानी कधी आले नव्हते.

मात्र या गृहस्थांची रीत सर्वत्र चालेल असे आम्ही म्हणत नाही. ती चार डुकरांची, चार एकरांची आणि रोज सकाळी चिखलात उतरणाऱ्या धन्याची रीत आहे. न्यू फॉरेस्टातील बाईंना तसे करिता येणार नाही. तेथे जमीन सर्वांची आहे आणि एकाच्या डुकराने दुसऱ्याच्या तट्टाचे गवत बुडविणे हा अन्याय होईल. तेव्हा कडी ही क्रूरता आणि कुंपण ही दया, असा सोपा निकाल देता येत नाही. इंग्लंडातील कायदाही हा विवेक पाळतो: जे डुक्कर कायम बंद आवारात ठेवावयाचे त्यास कडी घालण्यास मनाई आहे, आणि त्याच्यापुढे उकरण्यास पेंढा वा तत्सम काही टाकणे पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. जेथे राखावयाचे गवतच नाही, तेथे कडी कशाला? आमच्या मते यातले मर्म असे आहे की, कडी घालावी की जागा बदलावी हा प्रश्न डुकराच्या स्वभावाचा नसून पाळणाऱ्याच्या श्रमाचा आहे. कडी पाळणाऱ्याचे श्रम वाचविते. कधी ते श्रम करणे खरोखरीच अशक्य असते. कधी ते केवळ नकोसे असतात. या दोहोंतील भेद ज्याचा त्याने प्रामाणिकपणे ओळखावयाचा.

निघता निघता त्या गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सहज सांगितली. काही दिवसांपूर्वी त्यांनी एका तुकड्याची तार काढून घेतली आणि पलीकडच्या ताज्या गवतात जावयास डुकरांना हाक मारली. डुकरे जेथे तार होती त्या रेघेपर्यंत आली आणि थबकली. तार नव्हती, झटका नव्हता. पलीकडे बादलीत खाणे होते. तरी त्यांतील एक अर्धा दिवस ती रेघ ओलांडीना. नातू हसला. आम्हांस हसू आले नाही, कारण त्या रेघेवर उभा असलेला एक मुलगा आम्हांस दिसत होता.

सन १९९० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही नववीस संस्कृत शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा होता; त्यास प्रत्येक शब्दाच्या मुळाशी जावयाची खोड होती. एके दिवशी त्याने विचारले, "गुरुजी, धातू 'गम्' आहे तर रूप 'गच्छति' का होते? तो 'म्' गेला कोठे, आणि हा 'च्छ' आला कोठून?" तसा आदेश व्याकरणात सांगितला आहे, असे आम्ही म्हणालो. "सांगितला आहे हे खरे, पण का?" पाठ्यक्रम मागे पडला होता, परीक्षा तोंडावर होती, साठ मुले ऐकत होती, आणि, आज कबूल करावयास हरकत नाही, उत्तर आम्हांस येत नव्हते. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढचे संस्कृत एका वृद्ध शास्त्रीबुवांपाशी बसून शिकलेलो. शास्त्रीबुवांना आम्ही 'का' असे कधी विचारले नव्हते. आम्ही त्या मुलास ती रूपे शंभर वेळा लिहून आणावयास सांगितली. त्याने आणली. पुन्हा काही दिवसांनी त्याने दुसरा प्रश्न विचारला, पुन्हा शंभर वेळा. तिसऱ्यांदा त्याने हात अर्धा वर केला आणि आपला आपणच खाली घेतला.

तो अर्धा हात आम्ही त्या वेळी आपला विजय समजलो. पुढे त्यास संस्कृतात उत्तम गुण मिळाले. म्हणजे गवत शाबूत राहिले. तो चांगल्या नोकरीस लागला, दर गुरुपौर्णिमेस आमच्या पायां पडावयास येतो. इंग्लंडास जावयाच्या आधीच्या गुरुपौर्णिमेस तो आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, आमचा मुलगा फार प्रश्न विचारतो. शाळेतूनही तक्रार आहे. काय करावे?" आणि आम्ही, सुपारी कातरता कातरता, "पाठांतर लाव, सवय होईल," असे सांगून मोकळे झालो होतो.

वर्गात साठ मुले होती, हे खरे. ते न्यू फॉरेस्ट होते असे म्हणून आम्ही स्वतःची समजूत घालू शकलो असतो. परंतु शाळा सुटल्यावर एक तास, पिंपळाच्या पारावर, एका मुलाला एखादा तुकडा उकरावयास देणे अशक्य होते काय? ग्रंथालयात मोठे व्याकरण होते. "मला ठाऊक नाही, आपण दोघे पाहू," एवढे चार शब्द बोलणे अशक्य होते काय? अशक्य नव्हते, नकोसे होते. ती कडी सामायिक कुरणासाठी नव्हती. ती आमच्या अज्ञानाच्या रक्षणासाठी होती.

परत आल्यावर आम्ही त्या शिष्यास चार पानांचे पत्र लिहिले. डुकरांची सारी हकीकत लिहिली, १९९० सालचे ते शंभर वेळचे लिखाण आठवते असे लिहिले, आणि शेवटी लिहिले की, आम्ही मागे दिलेला सल्ला चुकीचा होता, मुलाला प्रश्न विचारू दे, त्याला त्यासाठी घरात एक जागा आणि दिवसाची एक वेळ दे, आणि उत्तर येत नसेल तेथे येत नाही असे सांग. आम्ही असेही लिहिले की, हे आमचे म्हणणे तुला पटत नसेल तर आमच्याशी वाद घाल.

आठ दिवसांनी उत्तर आले. कार्यालयीन टापटिपीचे, सुवाच्य, दोन ओळींचे. "सा. न. आपले पत्र पावले. आपण सांगाल तसेच करीन."

ते पत्र हातात घेऊन आम्ही ओटीवर बराच वेळ बसलो. तार काढून तेहतीस वर्षे झाली आणि पलीकडून आम्ही स्वतः हाक मारतो आहोत. तरी तो सद्गृहस्थ अद्याप त्या रेघेवरच उभा आहे. आज्ञा मोडण्याची आमची आज्ञाही त्याने शिरसावंद्य मानली! डॉर्सेटच्या गृहस्थांस आम्ही विचारले होते की, मग त्या अडून बसलेल्या डुकराचे तुम्ही काय केले. ते म्हणाले, "काय करणार? लांबून हाका मारून उपयोग नव्हता. मी स्वतः रेघेच्या अलीकडे गेलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो, आणि त्याच्याबरोबर चालत पलीकडे आलो."

येत्या सुटीत आम्ही त्या शिष्याच्या गावी जाणार आहोत. ग्रंथालयातून ते मोठे व्याकरण मागवून घेतले आहे. 'गम्' धातूतील 'म्' कोठे गेला, हे आम्हांस अजून नीटसे उलगडलेले नाही. बाप आणि मुलगा दोघांनाही समोर बसवून तो प्रश्न पुन्हा एकदा, या वेळी आम्हीच, विचारणार आहोत.